राजीनामा दिला की केला

आदिलाबाद
३ ऑगस्ट २०२४

दादा,

जयभीम. पुढे 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे, पण खोटं लिहायची माझी पद्धत नाही, म्हणून तेवढा शब्द गाळला आहे.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तू विचारशीलच. घरच्या ग्रुपमधून तू मला काढलंस, आणि फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तुझी रेंज जाते. पुण्यात रेंज नसते आणि आमच्याकडच्या उटनूरच्या जंगलात असते, हे मला नव्यानेच कळलं. पत्र एक तर वाचावं लागतं किंवा फाडावं लागतं. दोन्हीला निदान हात तरी लावावा लागतो.

बाबांच्या चरित्राची मुद्रितं मिळाली. सोबत तुझी चिठ्ठीही मिळाली: 'शुद्धलेखन तेवढं बघ, मजकुराला हात लावू नकोस.' तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बहिणीला तू हे लिहितोस. स्वयंपाक मी करायचा नाही, फक्त मीठ चाखून सांगायचं, असंच ना?

शाळेत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की माझा भाऊ आमच्या वडिलांचं चरित्र लिहितो आहे. तेलुगू शिकवणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडमनी विचारलं, तुमचे वडील राजे होते का? तेलुगूत चरित्र म्हणजे इतिहास. मी त्यांना हसले. तुझी सात प्रकरणं वाचल्यावर वाटलं की त्यांनी योग्य तेच विचारलं होतं. तू लिहिलेला माणूस घोड्यावर बसलेला आहे. आपल्या बाबांकडे सायकल होती, आणि तिची चेन दर आठवड्याला पडायची.

मी चुका शोधते कारण मला त्यात आनंद होतो, असं तू वहिनींना सांगत असतोस. बरोबर सांगतोस. कुठलंही पुस्तक हाती आलं की मी आधी मागचं शुद्धिपत्र वाचते. माझं सगळ्यात आवडतं वाचन तेच. चारशे पानं ज्ञान पाजून झाल्यावर शेवटच्या पानावर लेखक खाली मान घालून सांगतो की पान एकसष्टवर 'विजय' आहे तिथे 'विनय' वाचावे. हल्ली शुद्धिपत्रं छापत नाहीत. चुका कमी झाल्या म्हणून नाही, लाज कमी झाली म्हणून.

आता मुद्द्यावर येते. पुस्तकाचं नाव 'न वाकलेला माणूस'. सातवं प्रकरण 'राजीनामा'. त्यात तू लिहितोस: 'समाजाचा अपमान आणि अधिकाऱ्यांचा दबाव सहन न होऊन चंपतरावांनी सरकारी नोकरी लाथाडली व राजीनामा साहेबांच्या टेबलावर फेकला.'

बाबांनी जन्मात कागद फेकला नाही. आलेलं पाकीट उलटं करून ते पुन्हा वापरायचे. ते तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. नोकरी लाथाडलेल्या माणसाला मरेपर्यंत पेन्शन मिळते का रे? तू बँकेत अधिकारी होतास, तुला हे मी सांगायचं?

तुझी चूक कुठे झाली हे मला लगेच कळलं, म्हणून पहिल्यांदा मला रागही आला नाही. बाबांची शाळा निजामाच्या वेळची, उर्दूतली. पुढे सगळा जन्म कचेरीत आणि कोर्टाच्या आवारात. त्यांच्या तोंडी राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. समेट. नोकरी सोडण्याचा राजीनामा देतात, कोर्टातला राजीनामा करतात. आदिलाबादला ऐंशीच्या घरातल्या कुणालाही विचार. तू बाबांच्या आठवणींच्या टेपवर 'राजीनामा' ऐकलंस आणि पुण्याच्या मराठीत लिहून टाकलंस. असं होतं.

आठवण करून देते, कारण तुझ्या वाचकांसाठी तू ही गोष्टही बदलली आहेस. एकोणऐंशी साली मी बारा वर्षांची होते. बाजारातल्या मराठी वाचनालयात मी खुर्चीवर बसून मुलांचं मासिक वाचत होते. किराणावाल्या सुधाकररावांकडे वाचनालयाचा कारभार होता. त्यांनी मला उठवलं, वाचायचं तर पायरीवर उभं राहून वाच म्हणाले, आणि माझ्यादेखत खुर्ची धुऊन घेतली. बाबांनी केस केली. ती दीड वर्ष चालली, साक्षीदार एकेक करून पांगले, आणि शेवटी सुधाकररावांची कमेटी समेटाला आली. बाबांनी पैसा मागितला नाही, त्यांना माफीही मागायला लावली नाही. त्यांनी माझ्या नावाचं कार्ड मागितलं. आत खुर्चीवर बसायचं आणि एका वेळी दोन पुस्तकं घरी न्यायची. त्यावर त्यांनी केस मागे घेतली. हा तो राजीनामा.

मी आज जी काही आहे ती त्या कार्डामुळे आहे. तेवढं प्रकरण नीट लिही. बाकी पुस्तकात बाबांना घोड्यावर बसव, हत्तीवर बसव, मी ऱ्हस्व-दीर्घ तपासून देते.

भागा


आदिलाबाद
१९ ऑगस्ट २०२४

दादा,

माझ्या पाच पानी पत्राला तू अर्पितेच्या मोबाईलवर दोन ओळींत उत्तर पाठवलंस. माझ्या लेकीला टपालखातं केल्याबद्दल तिच्या वतीने आभार. तू लिहितोस, 'आईला सांग, आज लोक शब्दाचा जो अर्थ घेतात तोच खरा. भावार्थ महत्त्वाचा.'

हा भावार्थ नावाचा प्राणी मला वर्गात रोज भेटतो. पोराला धडा आला नाही की तो म्हणतो, मॅडम, भावार्थ माहिती आहे. त्याला मी बाकावर उभं करते.

हे पत्र त्याच वाचनालयात बसून लिहिते आहे. सुधाकरराव समोर आहेत. शहाऐंशी वर्षांचे झाले, दुकान नातू भूषण बघतो, पण हे रोज चार वाजता येऊन काउंटरमागे बसतात. पंख्याचं बटण त्यांच्या खुर्चीमागे आहे. मी येऊन बसले की त्यांना थंडी वाजते. आदिलाबादच्या ऑगस्टमध्ये. रहस्यकथांच्या पहिल्या पानावर ते पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवतात, म्हणजे माझ्यासारखीचा जीव जावा. मी बदला म्हणून त्यांनी नोटिसफळ्यावर लिहिलेल्या सूचनांत खडूने अनुस्वार घालते. चाळीस वर्षं आमचं हे चालू आहे, आणि 'पुस्तक परत आणलं' याखेरीज मी त्या माणसाशी अक्षर बोललेली नाही.

बाकी त्रास नेहमीचेच. एक निवृत्त गृहस्थ बोट ओलं करून पान उलटतात, त्यामुळे मंगळवारचा पेपर बुधवारी वाचावासा वाटत नाही. शब्दकोडं कुणीतरी पेनने सोडवून ठेवतं, आणि तेही चुकीचं. चुकीचं ज्ञान पेन्सिलीने लिहावं, एवढी तरी अदब पाहिजे. ज्याला खात्री सगळ्यात जास्त त्याच्याच हातात नेहमी पेन असतो, असं माझं निरीक्षण आहे. तुझ्या हातात तर छापखाना आहे.

आता ऐक. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू सगळ्यांना त्या टेपचे पेनड्राइव्ह वाटले होतेस. 'बाबांचा आवाज जपून ठेवा' म्हणून. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकायचं टाळलं होतं. परवा अर्पितेकडून लॅपटॉपवर लावून घेतलं. बाबा खोकतात, पाणी मागतात, आणि मग स्वच्छ म्हणतात, "त्या साली म्या राजीनामा केला, भागीसाठी. लोक काई बी म्हनले. म्हनू दे."

भागीसाठी. तुझ्या प्रकरणात बाबांची सगळी वाक्यं अवतरणात आहेत, हेसुद्धा आहे. त्यातून एकच शब्द गेला आहे आणि 'केला'चा 'दिला' झाला आहे. 'राजीनामा' तू चुकीचा ऐकला असशील. पण माझं नाव तुला ऐकू आलं नाही, हे मी मानायला तयार नाही. बाबा माझ्यासाठी नोकरी सोडतील हे तुझ्या वाचकाला पटलं नसतं, तेव्हा तू मलाच सोडलंस.

म्हणजे तुला अर्थ माहीत होता. मी गेल्या पत्रात तुझी चूक समजून घेतली होती. ती समजूत परत घेते.

मुद्रितं माझ्याकडेच आहेत. सातवं प्रकरण दुरुस्त झाल्याशिवाय ती पुण्याला येणार नाहीत.

भागा


आदिलाबाद
८ सप्टेंबर २०२४

दादा,

काल फोन तू केलास आणि आपटलासही तूच. त्यामुळे माझं उत्तर राहिलं आहे, ते इथे देते.

आधी तू म्हणालास की समाजात बाबांचं नाव आहे, तेरा ऑक्टोबरला आदिलाबादला प्रकाशन आहे, हॉल भरणार आहे, आणि त्या लोकांपुढे 'वडिलांनी केस मागे घेतली' हे कसं सांगायचं. त्या वेळी वस्तीतले लोक काय म्हणत होते ते मलाही आठवतं. चंपत विकला गेला म्हणायचे. दोन लग्नांची आमंत्रणं आपल्या दारावरून पुढे गेली होती. आई विहिरीवरून रडत यायची. बाबांनी ते सगळं सहन केलं, कारण त्यांना काय मिळालं ते त्यांना माहीत होतं. त्यांना लाज वाटली नाही, मग तुला काऊन वाटून राहिली?

मी एवढंच विचारलं, आणि तुझी पुण्याची मराठी क्षणात उतरली. तू म्हणालास, "एकच कार्ड होतं, भागे. तुह्या नावाचं. मी का पायरीवर बसाले जल्मलो होतो?"

आणि फोन आपटलास.

रात्रभर विचार केला. तू पंधरा वर्षांचा होतास, दहावीला होतास, माझ्यापेक्षा हुशार होतास. मला आणायला यायचास आणि पायरीवर बसायचास. मी आत कशी बसले, पंखा कसा, कपाटं कशी, हे तू घरी जाताना कधी विचारलं नाहीस. मला वाटायचं, तुला वाचनाची आवड नाही.

तर तुझा राग खरा आहे. मला तो मान्य आहे. पण मग तो लिहायचा ना! लिहायचं, की माझ्या बापाने राजीनामा केला, त्यात लेकीला खुर्ची मिळाली आणि मला पायरी मिळाली. ते मी रडत वाचलं असतं आणि एक वेलांटी बदलली नसती. तू काय केलंस? ज्या गोष्टीत तुला जागा नव्हती ती गोष्टच खोडलीस, आणि तिच्या जागी बाबांना टेबलावर कागद फेकायला लावलंस. चाळीसेक वर्षांचा रुसवा आणि वर नाव चरित्र.

आणि वर मला सांगतोस की तुझ्याकडे पुरावा काय. टेपवरचा एक शब्द, तोही म्हाताऱ्या माणसाचा, उद्या कुणीही म्हणेल बहिणीला मोठेपणा हवा. कोर्टाची जुनी कागदपत्रं कुठे शोधणार. त्या कमेटीतलं कोण जिवंत आहे.

एक जण आहे. पंख्याचं बटण त्याच्या मागे आहे. मी त्यांना विचारीन, आणि तेरा तारखेला हॉलमध्ये उभं करून सगळ्यांसमोर बोलायला लावीन. ज्या माणसाने माझी खुर्ची धुतली त्याच्याकडे मला साक्ष मागायला जावं लागतं आहे, ते तुझ्यामुळे. हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

भागा


आदिलाबाद
२४ सप्टेंबर २०२४

दादा,

सुधाकररावांकडे जाऊन आले. वाचनालयात नाही, घरी. दोन आठवडे पाय निघत नव्हता. भूषणने चहा विचारला, मी नको म्हटलं. त्या घरचा चहा घ्यायची माझी इच्छा नव्हती आणि आजही नाही.

म्हातारा पलंगावर बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं की दादाने पुस्तक लिहिलं आहे, त्यात बाबांनी नोकरीचा राजीनामा दिला असं लिहिलं आहे, आणि तुम्हाला खरं काय ते सभेत सांगावं लागेल. त्यांनी मला विचारलं, चंपतरावांनी घरी काय सांगितलं होतं? मी म्हटलं, कार्ड मागितलं आणि मिळालं. ते म्हणाले, "एक नाई मागतलं बाई. दोन मागतले. दोन्ही लेकराईचे."

मी बसले.

पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे मी काही बदललं असं तू म्हणायला नको.

"आमची कमेटी म्हने, एका घरातून एकच कार्ड. तुमचा बाप उठला, म्हने कोर्टातच पाहू. मंग आमच्यातल्या एकानं म्हनलं, दोन्ही देऊ, पन चंपतरावनं सोता ही पायरी चढाची नाई. लेकरं येतीन, तो नाई. ज्यानं आमाले पिंजऱ्यात उभं केलं त्याले रोज समोर बसून पेपर वाचताना कोन पाहीन? आमाले वाटलं, इथं अडून बसीन गडी. वाचाचा लई नाद होता त्याईले. त्याईनं ईचार बी केला नाई. हो म्हनले."

मी विचारलं, "मंग दुसरं कार्ड?"

"देलंच नाई आमी. तुमचं देलं, पोराचं आज देऊ, उद्या देऊ. कागदावर कुठं होतं ते, तोंडाचंच होतं सारं."

मी विचारलं, बाबा भांडायला आले नाहीत? ते म्हणाले, एकदा दुकानात आले होते. शांतपणे विचारलं, पोराचं कार्ड कधी? सुधाकरराव म्हणाले, जास्त केलं तर पोरीचंही काढून घेऊ. त्यानंतर बाबा पुन्हा आले नाहीत. केस निघून गेली होती, हातात काही उरलं नव्हतं.

"आमी बोललो तसं वागलो नाई," सुधाकरराव म्हणाले. "ते वागले. मरेपर्यंत पायरी नाई चढले."

सभेत हे सांगाल का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले. नातवाला या गावात दुकान चालवायचं आहे, म्हणाले. मी त्यांना माफ वगैरे काही केलेलं नाही. त्यांनीही माफी मागितली नाही. उठताना त्यांनी पुस्तक कधी वाचायला मिळेल ते विचारलं, आणि मी चप्पल घालून निघाले.

रस्त्यात मला एकेक समजत गेलं आणि मी बाजारात भर उन्हात उभी राहिले. तू नांदेडला शिकायला गेल्यावर मला न्यायला बाबा यायचे. समोर सायकलवाल्याच्या दुकानापाशी थांबायचे. मी आतून हाक मारायची, बाबा, या ना, आजचा पेपर आहे. ते म्हणायचे, आत लई गरम होते. मी दोन पुस्तकं आणायची, त्यातलं एक ते घ्यायचे. मी निवडलेलं. मुलांच्या विज्ञानाच्या गोष्टी, पाककृती, एकदा तर शिवणकामाचं. कुठलंही दिलं तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. अमुक आण, असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

मुद्रितं आज रजिस्टरने पाठवली आहेत. सातवं प्रकरण सोडून सगळीकडे शुद्धलेखन तपासलं आहे. सातव्याला मी हात लावलेला नाही. सुधाकरराव येणार नाहीत, टेपवरचा शब्द तू गाळला आहेस, आणि मी उभी राहून ओरडले तर घरचं भांडण म्हणून लोक हसतील. तेव्हा तुला हवं ते छापता येईल. कुणीही अडवणार नाही. मी तेरा तारखेला येईन आणि मागे बसेन.

हे फोनवर सांगणार होते. पण तू रडला असतास, आणि मला अजून तुझा इतका राग आहे की मी तुझी समजूत काढली नसती. म्हणून लिहून कळवते. पायरीवर तुला बाबांनी बसवलं नव्हतं. त्यांनी जे स्वतःचं दिलं ते तुझ्या कार्डासाठी दिलं होतं. माझं तर तसंही मिळत होतं.

भागा